डालीखालचं मांजर

श्राद्धाच्या दिवशी मांजर डालून ठेवायची गोष्ट मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. खिरीच्या दुधात तोंड घालू नये म्हणून आजोबांनी घरचं मांजर डालीखाली झाकलं. मुलाने ते पाहिलं आणि तसंच केलं. नातवाच्या काळात घरात मांजरच उरलं नव्हतं, तेव्हा त्याने शेजारून मागून आणलं आणि झाकलं. पिंड एखादा कमी पडला तर चालेल, मांजर झाकायचं राहता कामा नये.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या मांजराची एक तारीखवार नोंदलेली प्रत आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, फुटलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. ही हकिगत सांगताना ‘६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबला’ या वाक्याशी थांबायची पद्धत आहे. वाक्य खरंच आहे. पण गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या समितीने १९ जुलै १९९६ ला दिलेला अहवाल वाचला, तर खरी गंमत त्या वाक्याच्या अलीकडे सापडते.

रॉकेट कुठे आहे आणि कुठे वळलंय हे सांगणारी एक संदर्भप्रणाली असते. उड्डाणाआधी ती जुळवून घ्यावी लागते आणि त्या जुळवणीला पंचेचाळीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ जातो. एरियान-४ च्या उलटगणतीत शून्याच्या ९ सेकंद आधी ही प्रणाली उड्डाण-मोडमध्ये जायची, आणि ५ सेकंद आधी रॉकेटमध्ये अशा काही क्रिया सुरू व्हायच्या की त्या मागे घ्यायला कित्येक तास लागत. मधल्या चार सेकंदांत कुणी गणती थांबवली, तर जुळवणी पहिल्यापासून करावी लागेल आणि उड्डाणाचा मुहूर्त टळेल. तसं होऊ नये म्हणून जुळवणीचा कोड उड्डाण-मोड लागल्यावरही ५० सेकंद चालूच ठेवला होता. पन्नासच का, तर जमिनीवरच्या यंत्रणेला रॉकेटचा ताबा परत घ्यायला तेवढा अवधी हवा म्हणून. युक्ती हुशारीची होती, आणि १९८९ मध्ये ३३व्या उड्डाणात ती कामालाही आली.

एरियान-५ ची तयारी वेगळ्या क्रमाने व्हायची, त्यामुळे तिथे या युक्तीचं काहीच काम नव्हतं. कोड मात्र तसाच आला. रॉकेटने जमीन सोडल्यावरही तो सुमारे चाळीस सेकंद गणित करत बसणार होता, आणि त्याच्या उत्तराला आता काडीचा अर्थ नव्हता. एरियान-५ चा आडवा वेग एरियान-४ च्या पाचपट झपाट्याने वाढतो. त्या वेगाशी निगडित असलेला एक आकडा १६ बिटांत मावणाऱ्या ३२,७६७ च्या पुढे गेला आणि प्रणाली बंद पडली. राखीव प्रणाली होती, पण तिच्यात तोच कोड असल्याने ती क्षणभर आधीच गेली होती. बंद पडताना मुख्य प्रणालीने पाठवलेला बिघाडाचा संदेश रॉकेटच्या संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि नोझल, म्हणजे ज्वाळा सोडणारी तोंडं, टोकापर्यंत वळवली.

यात निष्काळजीपणा शोधायला गेलं की हाती फारसं लागत नाही. असे धोक्याचे सात चल, म्हणजे किंमत बदलत राहणारे आकडे, होते. चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि या तिघांत एवढा मोठा आकडा येणं शक्य नाही, असा हिशेब झाला होता. एरियान-४ साठी तो हिशेब बरोबर होता. नव्या रॉकेटचा मार्ग या प्रणालीच्या गरजांच्या कागदात घातलाच गेला नव्हता. अपघातानंतर तो घालून सिम्युलेशन चालवलं, तेव्हा सगळी साखळी जशीच्या तशी घडून दिसली.

मग तो निरुपयोगी कोड का काढला नाही? अहवालाचा अंदाज असा, की जे एरियान-४ वर नीट चाललं ते गरज सिद्ध झाल्याशिवाय बदलणं बरं नाही, अशी समजूत असावी. हिंजवडीतल्या कुठल्याही मीटिंगरूममध्ये हेच वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतं: ‘चालतंय ना? मग हात नको लावू.’

आता कुणी म्हणेल, जुनं ते झाडून टाका, मोजून दाखवता येईल तेवढंच ठेवा. त्या बाजूचीही एक हकिगत आहे, आणि ती वाचल्यावर झाडू जरा सावकाश चालतो.

इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये यादृच्छिक, म्हणजे अंदाज बांधता येऊ नये असे, आकडे तयार करणारा एक भाग आहे. कुलूपबंद संदेश उघडणाऱ्या किल्ल्या त्यातूनच बनतात. व्हॅलग्रिंड नावाचं तपासणीचं साधन त्यावर इशारे देत होतं, की आरंभीची किंमत न दिलेली मेमरी इथे वापरली जातेय. साधनाचं म्हणणं खोटं नव्हतं. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स-आवृत्तीच्या पॅकेजमधून त्या इशाऱ्यांशी संबंधित दोन ओळी बंद केल्या गेल्या. ओपनएसएसएलच्या मंडळींना आधी विचारलंही होतं, आणि ठामपणे ‘नको’ कुणी म्हटलं नव्हतं. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच होत्या. एक काढल्याने काही बिघडलं नसतं, कारण ती मेमरीतला उरलासुरला कचरा वरकड म्हणून मिसळत होती. दुसरी मात्र सगळी खरी यादृच्छिकता आत ओतणारी नळी होती. ती बंद झाल्यावर चालू प्रोग्रामला संगणक देतो तो प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं, तोवर डेबियन आणि तिच्यावरून बनलेल्या उबुंटूवर पावणेदोन वर्षांत तयार झालेल्या एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची पद्धत) आणि एसएसएलच्या (वेबसाइटशी गुप्त संवादाची पद्धत) असंख्य किल्ल्या आधीच अंदाज करता येतील अशा झाल्या होत्या. जगभर त्या बदलत बसावं लागलं.

पुरावा हातात होता, साधन विश्वासू होतं, इशारा खरा होता. इशाऱ्याने फक्त ‘या मेमरीला आरंभीची किंमत दिलेली नाही’ एवढं सांगितलं होतं. ‘ही ओळ कशासाठी आहे’ हा प्रश्न त्याच्या आवाक्यातलाच नव्हता.

म्हणून विचित्र ओळ दिसली की पाळायचा क्रम जरा कंटाळवाणा असतो. आधी गिट ब्लेम, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला ‘ही ओळ कुणी, कधी लिहिली’ असं विचारणं. बऱ्याचदा तिथे एखाद्याने सगळ्या फाइलींचं इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) बदललं त्या दिवसाचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, येतो आणि खरा लेखक त्याच्यामागे लपतो. तो कमिट वगळून पुन्हा पाहायचं, किंवा ती अक्षरं इतिहासात पहिल्यांदा कधी आली ते शोधायचं. कमिट-संदेशात तिकिटाचा, म्हणजे कामाच्या किंवा तक्रारीच्या नोंदीचा, क्रमांक असला तर नशीब. नसला तर त्या आठवड्यातली तिकिटं चाळायची. कोड एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत हलवताना इतिहास तुटलेला असतो, त्यामुळे जुनी प्रणाली वाचता येते का तेही पाहायचं. इतकं करूनही कारण सापडलं नाही, तर ओळ न काढता तिच्यावर एक काउंटर लावायचा: इथून किती वेळा गेलं, कुठल्या इनपुटवर गेलं. तो काउंटर आठवडाभर शून्य दाखवतो म्हणून हुरळून जायचं नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाअखेर, तिमाही आणि ३१ मार्च बघितल्याशिवाय ‘हे कुणी वापरत नाही’ असं म्हणता येत नाही. दुकानदारीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवाळी बघायची. मग फ्लॅगमागे, म्हणजे सेटिंगमधल्या एका खटक्यामागे, बंद करायचं, परत चालू करायला एक मिनिट लागेल अशा बेताने, आणि त्यानंतर काढायचं. या सगळ्याला वर्ष जाऊ शकतं. जाऊ द्यावं, कारण ओळ ठेवण्याचा रोजचा खर्च बहुतेक वेळा नगण्य असतो. तो मोठा असेल तेव्हाच घाई करायची.

परंपरेची एक जात मात्र याहून फसवी असते, कारण ती पुराव्याचे कपडे घालून येते. तिच्या अंगावर आकडा असतो.

‘बग डिझाइनमध्ये सापडला तर खर्च १, कोडिंगमध्ये साडेसहा, टेस्टिंगमध्ये १५ आणि ग्राहकाकडे गेल्यावर १००.’ हा तक्ता ज्याने पाहिला नाही असा इंजिनियर सापडणं कठीण. खाली ‘आयबीएम सिस्टिम्स सायन्सेस इन्स्टिट्यूट’ असं लिहिलेलं असतं. टेस्टिंगची साधनं विकणारे तो दाखवतात, बजेट मागणारे मॅनेजर दाखवतात. लोरां बोसाव्हिट आणि त्यानंतर हिलेल वेन यांनी या आकड्यांचा माग काढला, तेव्हा तो एका लोकप्रिय पाठ्यपुस्तकापाशी आणि तिथून १९८१ च्या एका प्रशिक्षणवर्गाच्या टिपणांपाशी जाऊन थांबला. ती संस्था म्हणजे आयबीएमचा आतला प्रशिक्षण-उपक्रम होता. किती प्रकल्प मोजले, खर्च कशात धरला, कुठल्या काळात, यातलं काहीच हाती लागत नाही.

खरी मोजमापंही झाली आहेत, पण ती एवढी गोटीबंद नाहीत. बॅरी बोम यांनी सत्तरच्या दशकात टीआरडब्ल्यू, आयबीएम अशा कंपन्यांच्या मोठ्या प्रकल्पांतून आकडे गोळा केले, आणि शंभरपटीच्या आसपासचं गुणोत्तर तिथून आलं. तो काळ लक्षात घ्यायला हवा: संगणकाचा वेळ महाग, ग्राहकाकडे नवी आवृत्ती पोचवायची तर टेप न्यावी लागे. त्याच बोम यांनी व्हिक्टर बासिली यांच्याबरोबर २००१ मध्ये लिहिलं, की लहान आणि फार नाजूक नसलेल्या प्रणालींत गुणोत्तर ५:१ च्या जवळ असतं. शंभर सगळ्यांना पाठ आहे, पाच कुणालाच आठवत नाही. पुढे टिम मेंझीस आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१४ मधल्या १७१ प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या. दोष उशिरा सापडला म्हणून तो दुरुस्त करायला सातत्याने जास्त वेळ लागतो, असं त्यांना दिसलं नाही. इथेही लगेच उड्या मारायला नकोत. हे प्रकल्प वेळेच्या काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या, शिस्तीच्या टीमचे होते, आणि मोजलं होतं ते दुरुस्तीच्या कष्टांचं प्रमाण. बँकेच्या सर्व्हरवरचा बग रात्री दोन तासांत दुरुस्त झाला, तरी मधल्या वेळात चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांचा हिशेब त्या दोन तासांत धरलेला नसतो.

मग आपल्या टीममध्ये हा प्रश्न कसा सोडवायचा? शंभरचा तक्ता बाजूला ठेवून गेल्या वर्षातली पन्नास बंद तिकिटं यादृच्छिकपणे काढायची. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहायच्या: चूक कोडमध्ये कधी शिरली, कधी सापडली, दुरुस्तीला किती माणूस-तास गेले. पहिली वेळ शोधणं सगळ्यांत जिकिरीचं, पण गिटमधून बहुतेक वेळा निघते. एका माणसाचे दोनेक दिवस जातात. सरासरी काढायच्या भरीस पडायचं नाही, कारण एक-दोन राक्षसी तिकिटं ती खेचून नेतात. मध्यक बघायचा आणि ती राक्षसी तिकिटं वेगळी काढून वाचायची. बऱ्याच ठिकाणी महागडे ठरतात ते डेटाबेसच्या रचनेतले आणि दुसऱ्या टीमशी ठरलेल्या एपीआयमधले (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या करारातले) दोष, बाकीचे कधीही सापडले तरी अर्ध्या दिवसाचे. तसं निघालं तर रिव्ह्यूचा, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याचा, जोर कुठे लावायचा हे आपोआप कळतं.

मायक्रोसॉफ्टमधल्या ५६४ प्रोग्रामरांना प्रेमकुमार देवनबू, थॉमस झिमरमन आणि ख्रिश्चन बर्ड यांनी विचारलं, की अमुक विधान तुम्हाला पटतं का आणि ते मत कशावरून बनलं. २०१६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मतांचा पहिला उगम निघाला स्वतःचा अनुभव, मग सहकारी. संशोधन-लेख बरेच खाली. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. डोळे उघडतात ते पुढच्या निष्कर्षाने: लोकांची मतं त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पाच्या आकड्यांशीही जुळतीलच असं नव्हतं. म्हणजे ‘आमच्या प्रकल्पात असं होतं’ हे वाक्यही तपासून घ्यावं लागतं.

विखुरलेल्या टीमबद्दलचं मत याच जातीचं. वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांनी मिळून लिहिलं की दर्जा घसरतो, हे गृहीत पुण्यात काम करणाऱ्यांनी परदेशातल्या कॉलवर कधी उघड, कधी आवाजाच्या चढउतारातून ऐकलेलं असतं. २००९ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या घटकांवर झालेल्या अभ्यासात एकाच ठिकाणी बनलेल्या आणि विखुरलेल्या टीमनी बनवलेल्या घटकांच्या दोषांत नगण्य फरक निघाला. पुण्याची बाजू घेऊन हा पुरावा टेबलावर आपटायचा मोह होतो. पण ते सगळे एकाच कंपनीचे, एकाच पद्धतीने काम करणारे लोक होते. दर दीड वर्षाने निम्मी माणसं बदलणाऱ्या कंत्राटी टीमला तो तसाच लागू होईल असं मानणं, म्हणजे एरियान-४ चा हिशेब एरियान-५ ला लावणं झालं.

दर ४५ किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं ही यातली सगळ्यांत चिवट रीत. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेने पासवर्डच्या नियमांना मोठं वजन दिलं. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्यांच्याकडे त्या वेळी लोकांच्या खऱ्या पासवर्डांचा अभ्यास करायला पुरेशी माहितीच नव्हती. ती माहिती २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांना मिळाली: ७,७०० हून अधिक खाती, मुदत तीन महिन्यांची, आणि एकामागोमाग एक ठेवलेले पासवर्ड. जुना पासवर्ड ठाऊक असेल, तर ४१ टक्के वेळा नवा पासवर्ड संगणकावर काही सेकंदांत निघाला. १७ टक्के खात्यांत लॉगिनच्या पडद्यावर पाचेक प्रयत्न पुरले. कारण उघड आहे. ‘गणपती@२०२३’ चा ‘गणपती@२०२४’ होतो, टोकाचं उद्गारचिन्ह मागून पुढे येतं. मुदतीचा हेतू चोराला बाहेर काढणं हा, आणि चोर सहज आत राहतो.

२०१७ मध्ये निस्टने मुदतीचा आग्रह सोडला. तेव्हाचा सल्ला असा: पासवर्ड फुटल्याचं दिसलं तरच बदलायला लावा, ठेवताना तो फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नाही ना ते तपासा, किमान ८ अक्षरं मागा, किमान ६४ पर्यंत लांबी चालू द्या, पेस्ट अडवू नका. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारशींतून मुदत काढून टाकली. तरीही नवं सॉफ्टवेअर बनवताना ‘पासवर्ड एक्स्पायरी’चा रकाना मागितला जातोच, आणि तो मागणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्यापुढे ऑडिटची यादी असते, यादीत तो प्रश्न असतो, आणि ‘नाही’ लिहिलं तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. अशा ठिकाणी संशोधन-लेख फेकून उपयोग नाही. एका पानाचं टिपण लागतं: मुदतीऐवजी फुटलेल्या यादीची तपासणी आणि दुसरा घटक (ओटीपीसारखी दुसरी ओळखतपासणी) लावलाय, निस्टच्या अमुक कलमाप्रमाणे. ऑडिटरला कागद हवा असतो; तो मिळाला की पुष्कळदा गाडी पुढे सरकते.

लहानसहान रिती तर किती. एका ओळीत ८० अक्षरं ही मर्यादा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रकार्डाच्या ८० रकान्यांपासून चालत आली. लिनक्स कर्नेलच्या तपासणीत ती २०२० मध्ये १०० झाली. कुणाचंही नुकसान नव्हतं, वादात तास गेले तेवढेच. अशा रितीवर पुरावा मागायला जाणारा माणूस टीमला नकोसा होतो, आणि ते रास्त आहे. फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारं साधन) लावावा आणि जेवायला जावं.

८० टक्के टेस्ट कव्हरेजचं, म्हणजे कोडचा एवढा भाग टेस्टमध्ये चाललाच पाहिजे या नियमाचं, तसं नाही, तिथे पैसे जातात. लॉरा इनोझेमत्सेवा आणि रीड होम्स यांनी २०१४ मध्ये पाच जावा प्रणालींवर ३१,००० टेस्ट-संच तयार करून पाहिले. संचातल्या टेस्टची संख्या सारखी धरली, तर कव्हरेज आणि बग पकडण्याची ताकद यांचा संबंध कमी-मध्यमच निघाला. कव्हरेजचा आकडा कुठला कोपरा अंधारात आहे ते दाखवायला चांगला. तोच आकडा लक्ष्य केला की काही महिन्यांत असर्ट नसलेल्या टेस्ट उगवतात: फंक्शन बोलावलं, उत्तर काय आलं ते विचारलंच नाही, पट्टी हिरवी. आपल्याकडे तसं झालंय का हे बघायचा उपाय साधा आहे. कोडमध्ये दहा ठिकाणी मुद्दाम चुका करायच्या, ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा मोठं किंवा समान’, अधिकच्या जागी उणे, आणि किती टेस्ट लाल होतात ते मोजायचं. दहापैकी चार पकडल्या गेल्या, तर त्या हिरव्या पट्टीची किंमत कळली.

शुक्रवारी डिप्लॉय करायचं नाही, म्हणजे नवा कोड वापरकर्त्यांपर्यंत सोडायचा नाही, या नियमाचं मात्र जरा सविस्तर बघायला हवं, कारण पुरावा मागणारे आणि परंपरा मानणारे दोघेही यात सारखेच घसरतात.

पुरावावाला म्हणतो, गेल्या वर्षी अपवाद म्हणून शुक्रवारी ४८ डिप्लॉय केले, एकही पडला नाही, नियम काढा. संख्याशास्त्रात तीनचा नियम आहे: जितक्या प्रयत्नांत अपयश शून्य, त्या संख्येने ३ ला भागायचं. खरा दर त्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३ भागिले ४८ म्हणजे सव्वासहा टक्के. म्हणजे दर सोळा शुक्रवारी एक अपघात हेही या आकड्यांत बसतं. दर एक टक्क्याच्या आत आहे हे दाखवायला लागोपाठ तीनशे निर्विघ्न डिप्लॉय लागतील, आठवड्याला एक धरला तर पावणेसहा वर्षं. शिवाय अपवाद म्हणून शुक्रवारी गेले ते बदल कुठले? एखादा मजकूर, एखादी सेटिंग. मोठ्ठा डेटाबेस-बदल घेऊन शुक्रवारी संध्याकाळी कोण जातं? म्हणून वाराप्रमाणे मोजण्याआधी आकाराप्रमाणे गट करावे लागतात: पन्नास ओळींच्या आतले, दोनशेच्या आतले, त्यापुढचे. आणि ‘पडला’ म्हणजे काय ते मोजायच्या आधी लिहून ठेवावं लागतं, उदाहरणार्थ ४८ तासांत रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परतणं) किंवा हॉटफिक्स (घाईची दुरुस्ती). नंतर ठरवलं की ज्याला जे हवं ते निघतं.

परंपरावाला म्हणतो, बघा, सोमवारी सगळ्यांत जास्त डिप्लॉय पडतात, तेही बंद करा. सोमवार का पडतो? गुरुवार दुपारपासून अडवून ठेवलेले बदल सोमवारी सकाळी एकत्र जातात. सहा जणांचे बदल एका गठ्ठ्यात, आणि काही बिघडलं की कुणाच्या बदलाने ते शोधण्यात दुपार. नियमाने स्वतःचाच पुरावा तयार केला. बदलांना मंजुरी देणाऱ्या समित्यांचंही असंच होतं. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणांत टीमबाहेरची मंजुरी असली की काम सावकाश होतं आणि बिघाडानंतर सावरायला वेळ लागतो असं दिसलं, आणि बदल पडण्याचं प्रमाण मात्र कमी झालेलं दिसलं नाही. लोकांनी स्वतः भरलेली उत्तरं होती ती, तेवढी मेख लक्षात ठेवायची.

पण दोघांचंही मूळ प्रश्नाकडे लक्ष नसतं. शुक्रवारचा नियम डिप्लॉय पडण्याच्या शक्यतेबद्दल कधी नव्हताच. तो शनिवारी कोण हजर आहे याबद्दल होता. मंगळवारी पडलेला डिप्लॉय दहा मिनिटांत कळतो, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस ओरडतो. शनिवारी तो ग्राहक ओरडेपर्यंत कळत नाही, आणि पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो महाबळेश्वरच्या घाटात रेंजच्या बाहेर. तेव्हा मोजायचं ते हे: बिघाड झाल्यापासून कळेपर्यंत किती मिनिटं, कळल्यापासून सावरेपर्यंत किती, वारानुसार. एरर वाढल्या की आपोआप मागे जाणारा रोलबॅक लावला असेल, आधी पाच टक्के वापरकर्त्यांवर अर्धा तास चालवून मग बाकीच्यांना द्यायची सोय असेल, शनिवारच्या ऑन-कॉलला, म्हणजे बिघाड झाला तर धावून येणाऱ्याला, पैसे आणि बदली रजा मिळत असेल, तर शुक्रवार मंगळवारासारखाच होत जातो. डेटाबेसमधला रकाना काढून टाकणारा बदल तरीही नाही, कारण त्याला रोलबॅक नसतो. आणि यातलं काहीच नसेल, तर नियम राहू दे. त्याला पुराव्याची गरज नाही, लोकांना रविवार मिळतो एवढं पुष्कळ झालं.

नियम ठेवा नाहीतर काढा, त्याची चिठ्ठी त्याच्याजवळच राहायला हवी. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली निर्णय-नोंदीची पद्धत यासाठी सोयीची आहे. रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, एक छोटी फाइल असते: शीर्षक, स्थिती, परिस्थिती, निर्णय, परिणाम. त्यात आणखी दोन ओळी घालाव्यात. हा निर्णय कुठल्या गोष्टीवर टेकलाय, आणि काय बदललं की तो पुन्हा उघडायचा. ‘सहा महिन्यांनी फेरविचार’ असं लिहू नये, ती तारीख कुणी पाळत नाही. ‘आपोआप रोलबॅक सुरू झाला की’ असं लिहावं, म्हणजे रोलबॅक सुरू करणारा माणूस शोधताना त्याला ही फाइल सापडते. एका पानापेक्षा जास्त झालं की लोक वाचत नाहीत, आणि विकीवर वेगळीकडे ठेवली की वर्षभरात कोड एकीकडे आणि ती दुसरीकडे होते.

त्या घरात अशी फाइल असती तर चार ओळींत भागलं असतं. निर्णय: श्राद्धाच्या दिवशी मांजर डालून ठेवणे. परिस्थिती: खीर सकाळीच होते, दूध चुलीजवळ उघडं राहतं, स्वयंपाकघराला दार नाही. टेकू: घरात मांजर आहे. पुन्हा उघडायचं कधी: मांजर मेलं की, किंवा फ्रिज आला की.